शिवारात सर्व्हेची वायर पडली म्हणजे तेल लागलं असं नाही! जमिनीखालच्या ‘चित्रा’ची खात्री नेमकी किती?

गावात सर्व्हेची गाडी येते. बांधाबांधाने लांबच लांब वायर टाकली जाते, ठराविक अंतरावर मातीत छोटी यंत्रं रोवली जातात. कुठे बारीक बोअर मारून त्यात सुरुंगाची दारू उडवली जाते, तर कुठे जड ट्रक जमिनीवर पट्टा टेकवून थरथराट करतो. संध्याकाळपर्यंत पारावर चर्चा सुरू होते, ‘आपल्या शिवारात तेल लागलं.’ दुसऱ्या दिवशी तेच व्हॉट्सॲपवर फिरतं. तिसऱ्या दिवशी जमिनीचा भाव विचारायला कुणीतरी अनोळखी माणूस येतो.

तेल लागलंय की नाही, हे त्या वायरवाल्यांनाही माहीत नसतं. त्यांच्या साहेबांना माहीत नसतं. पुढे कित्येक महिने कॉम्प्युटरवर काम करून जे चित्र तयार होतं, ते पाहणाऱ्या भूगर्भशास्त्रज्ञालाही छातीठोक सांगता येत नाही. त्याच्या हातात असतो तो अंदाज. हा अंदाज कसा बांधतात आणि तो कुठे कुठे फसतो, हे कळलं तर गावात उठणाऱ्या निम्म्या अफवा जागच्या जागी थांबतील.

आडात हाक मारण्यासारखा प्रकार

खोल आडात वाकून हाक मारली की आवाज परत येतो. तेलाच्या सर्व्हेचं मूळ तत्त्व तेच. जमिनीवर दणका द्यायचा. त्याच्या लहरी खाली जातात. एक थर संपून दुसरा सुरू होतो तिथे त्यातला थोडा भाग उलटून वर येतो. रोवलेली यंत्रं ही परतीची थरथर टिपतात. लहर किती वेळाने परत आली आणि किती जोरात आली, एवढ्याच दोन गोष्टी नोंदल्या जातात. याला भूकंपीय सर्वेक्षण म्हणतात. नावात भूकंप असला तरी त्याने भूकंप होत नाही.

म्हणजे यंत्र तेल ‘बघत’ नाही. ते फक्त वेळ मोजतं. आणि पहिली अडचण इथेच आहे. कंपनीला हवी असते खोली, हातात येते वेळ. वेळेवरून खोली काढायची तर लहर किती वेगाने गेली ते माहीत पाहिजे. पाण्यात हा वेग सेकंदाला सुमारे १,५०० मीटर असतो. वाळूच्या खडकात तो साधारण २,००० ते ४,००० मीटर, तर आपल्या घट्ट काळ्या पाषाणात ५,००० मीटरच्याही वर जातो. मधल्या थरांचा वेग नेमका किती, हे विहीर खोदेपर्यंत बऱ्याचदा अंदाजानेच धरावं लागतं.

साधा हिशेब बघा. लहर जाऊन परत यायला एक सेकंद लागला. वेग ३,००० मीटर धरला तर थर १,५०० मीटरवर. वेग ३,३०० धरला तर तोच थर १,६५० मीटरवर. वेगाच्या अंदाजात दहा टक्क्यांची चूक झाली आणि खोलीत दीडशे मीटरचा फरक पडला.

याहून मोठा घोटाळा वेगळाच आहे. तेल आणि वायू पाण्यापेक्षा हलके असल्याने वर वर सरकतात आणि उलट्या कढईसारख्या उंचवट्याखाली अडकतात. म्हणून कंपन्या जमिनीखालचे उंचवटे शोधतात. पण एखाद्या जागी वरचा खडक जास्त कठीण असेल तर तिथली लहर लवकर परत येते. चित्रात तिथे उंचवटा दिसतो. प्रत्यक्षात थर सपाटच असतो. उंचवटा खडकाचा नसतो, वेगाच्या चुकीचा असतो. त्यावर विहीर खोदली की हाती काहीच लागत नाही.

बारीक थर दिसतच नाहीत

दुसरी मर्यादा बारकाव्याची. मोठ्या खोलीवरून येणारी लहर ‘जाडी’ असते. सेकंदाला ३० कंपनांची लहर ३,००० मीटर वेगाने जात असेल तर तिची लांबी १०० मीटर भरते. अशा लहरीला त्याच्या चौथाईहून, म्हणजे साधारण २५ मीटरहून पातळ थर वेगळा ओळखता येत नाही. २५ मीटर म्हणजे सात-आठ मजली इमारत झाली. तेल धरणारा थर दहा मीटरचाही असू शकतो. तो चित्रात असतो, पण शेजारच्या थरात मिसळून गेलेला. फोटो फार मोठा केला की चेहरा पुसट होतो, तशातला प्रकार.

चित्र एक, वाचणारे अनेक

समजा चित्र चांगलं आलं. तरी ते वाचायचं कुणी आणि कसं, हा प्रश्न उरतोच. कारण चित्रात असतात नुसत्या काळ्या-पांढऱ्या नागमोडी रेघा. कोणती रेघ कुठे तुटली, भेग कुठून कुठे गेली, हे माणूस ठरवतो.

यावर २००७ मध्ये एक गाजलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. ब्रिटनमधल्या संशोधकांनी एक कृत्रिम भूकंपीय चित्र तयार केलं. खालची रचना त्यांनीच ठरवलेली असल्याने खरं उत्तर त्यांच्याकडे होतं. हे चित्र ४१२ भूगर्भतज्ज्ञांना वाचायला दिलं. त्यात विद्यार्थीही होते आणि वर्षानुवर्षं हेच काम करणारेही. मूळ रचनेशी जुळणारं उत्तर फक्त २१ टक्क्यांनी दिलं. म्हणजे पाचात एक. बाकीच्यांनी आपापल्या अनुभवातून वेगवेगळ्या रचना काढल्या. ज्याने आयुष्यभर एका प्रकारच्या भागात काम केलं, त्याला नव्या चित्रातही तोच प्रकार दिसण्याकडे कल होता.

एकाच एक्स-रेवर दोन डॉक्टरांची दोन मतं गावाला नवीन नाहीत. इथे तर एक्स-रे दोन-तीन किलोमीटर खोलीचा आहे आणि रोगी उघडून बघायचा खर्च कोट्यवधींचा आहे.

आपला काळा पाषाण म्हणजे जाड पडदा

महाराष्ट्राच्या बहुतेक भागाचा प्रश्न आणखी अवघड आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून दख्खनचं पठार तयार झालं. हा बेसाल्ट आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. तेल-वायू जन्माला येतात गाळाच्या खडकात, लाव्हात नाही. त्यामुळे आपल्याकडे प्रश्न असा आहे, की या पाषाणाच्या खाली गाळाचे जुने थर दबलेले आहेत का?

विहीर खोदणाऱ्याला हा पाषाण नीट माहीत असतो. वर मुरूम, मग घट्ट काळा दगड, मग मऊ मांजऱ्या, मध्येच तांबडा गेरूचा पट्टा आणि पुन्हा काळा दगड. विहीर खोदताना हे थर एकेक करून लागतात. सर्व्हेच्या लहरीला मात्र हे सगळे एकदम लागतात. प्रत्येक थरावरून ती उलटते, दोन थरांमध्ये घुटमळते, विखुरते. गर्दीत कुणीतरी लांबून हाक मारावी तसं खालच्या थराचं उत्तर या गोंगाटात हरवतं. शिवाय बेसाल्टमध्ये लहर जोरात धावते आणि खालच्या गाळात तिचा वेग कमी होतो. सर्व्हेची एक जुनी पद्धत खाली जाताना वेग वाढतो हे गृहीत धरते. वेग खाली कमी होत असेल तर त्या पद्धतीला तो थर जवळपास दिसतच नाही.

या पडद्याआड काय आहे याचे दोन पक्के पुरावे महाराष्ट्रातच आहेत. दोन्ही ठिकाणी खोदकाम तेलासाठी नव्हे, भूकंपाच्या अभ्यासासाठी झालं. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला ६१७ मीटर खोल बोअर घेतलं गेलं. तिथे ३३८ मीटरवर बेसाल्ट संपला. त्याखाली गाळाचा थर निघाला, पण जेमतेम ८ मीटरचा. त्याच्या खाली जुना कठीण खडक. कोयनेच्या भागात सुमारे ३ किलोमीटर खोल बोअर झालं. तिथे बेसाल्ट तब्बल १,२४७ मीटर जाड भरला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटच्या जातीचा खडक.

पठार एकच, पण एका जागी पाषाण ३३८ मीटर आणि दुसऱ्या जागी त्याच्या जवळपास चौपट. दुसरीकडे नर्मदा-तापी पट्ट्यात बेसाल्टखाली गाळाचे जाड थर असावेत, असा निष्कर्ष हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पूर्वीच मांडला आहे. म्हणजे ‘महाराष्ट्रात तेल आहे’ आणि ‘महाराष्ट्रात तेल असूच शकत नाही’ ही दोन्ही विधानं आज घाईची आहेत. देशात गाळाच्या खडकांची २६ खोरी मानली जातात. दख्खनचं खोरं त्यातल्या तिसऱ्या, म्हणजे आशा आहे पण पुरावा नाही अशा वर्गात मोडतं.

केंद्र सरकारने २०१६ मध्ये राष्ट्रीय भूकंपीय कार्यक्रम सुरू केला तो यासाठीच. ज्या भागांचा नीट अभ्यास झालेला नव्हता, तिथे ४८,२४३ किलोमीटर लांबीच्या रेषांवर सर्व्हे करायचं ठरलं. काम ओएनजीसी आणि ऑइल इंडिया या सरकारी कंपन्यांकडे दिलं गेलं. गावोगावी वायर दिसली ती अशा कामांमुळे. हा सर्व्हे तेल सापडलं म्हणून होत नाही, काहीच माहीत नाही म्हणून होतो.

अंदाज खरा ठरला, अंदाज फसला

सर्व्हे निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात ‘बॉम्बे हाय’ सापडलं ते याच तंत्राने. १९६० च्या दशकात सोव्हिएत जहाजाच्या मदतीने झालेल्या सर्व्हेत समुद्रतळाखाली मोठा उंचवटा दिसला. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ने तिथे खोदलं आणि तेल लागलं. १९७६ पासून उत्पादन सुरू झालं आणि ते आजही चालू आहे. पश्चिम बंगालमध्ये तर १९५० च्या दशकापासून शोध सुरू होता. अशोकनगरला यश आलं २०१८ मध्ये.

पण फसलेली उदाहरणंही तेवढीच मोठी आहेत. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या अलास्काच्या समुद्रात ‘मुकलक’ नावाच्या जागेवर मोठमोठ्या कंपन्यांनी पैसा लावला. चित्रात उंचवटा प्रचंड होता. तो खरोखरच तिथे होता. विहीर खोदली तर खारं पाणी निघालं. तेलाच्या खुणा मिळाल्या, म्हणजे कधीकाळी तेल तिथे होतं. पण ते कधीच निसटून गेलं होतं. पातेलं बरोबर ओळखलं, पण ते रिकामं निघालं. ते रिकामं आहे हे चित्राने सांगितलं नव्हतं.

आपल्या देशात कृष्णा-गोदावरीच्या समुद्रात दोनदा धडा मिळाला. २००५ मध्ये गुजरात सरकारच्या कंपनीच्या तिथल्या क्षेत्रात २० टीसीएफ, म्हणजे २० लाख कोटी घनफूट वायू असल्याची घोषणा झाली. पुढे विकास आराखड्यात बाहेर काढता येण्याजोगा वायू धरला गेला तो साधारण १ टीसीएफच्या आसपास. खडक घट्ट, खाली उष्णता आणि दाब प्रचंड. हजारो कोटी खर्चूनही गणित जमलं नाही. शेवटी २०१७ मध्ये त्यातला ८० टक्के वाटा ओएनजीसीने घेतला.

त्याच समुद्रात रिलायन्सच्या डी-६ क्षेत्रातल्या दोन मुख्य साठ्यांतून २००९ मध्ये वायू निघू लागला. या क्षेत्रातून रोज ८ कोटी घनमीटर मिळेल अशी योजना होती. २०१० मध्ये उत्पादन ६ कोटींच्या वर गेलं आणि मग घसरतच राहिलं. २०२० मध्ये हे दोन साठे बंद पडले. कंपनीचं म्हणणं होतं, जमिनीखालची रचना अंदाजापेक्षा वेगळी निघाली. सरकारचं म्हणणं होतं, ठरलेल्या तेवढ्या विहिरी खोदल्याच नाहीत. हा वाद लवादापर्यंत गेला. इथे वायू होता, विहिरीही झाल्या होत्या, तरी किती निघेल याचा अंदाज चुकला.

वायूच्या बाबतीत आणखी एक फसगत असते. खडकात वायू असला की परतणारी लहर जोरदार येते आणि चित्रात तो पट्टा ठळक दिसतो. पण थोडासा वायू असला तरी पट्टा जवळपास तेवढाच ठळक दिसतो. सोड्याच्या बाटलीतले बुडबुडे आणि भरलेला सिलिंडर यातला फरक चित्राला सहज कळत नाही.

पाच कुलपं, एक दार

तेल मिळायला पाच गोष्टी एकत्र जमाव्या लागतात. तेल तयार करणारा खडक हवा. त्याला पुरेशी उष्णता मिळालेली हवी. तेल साठवणारा सच्छिद्र खडक हवा. वर घट्ट झाकण हवं. आणि तेल तिथपर्यंत पोचून टिकलेलं हवं. समजा प्रत्येक गोष्टीची शक्यता चांगली ७० टक्के आहे. पाचही एकदम जमण्याची शक्यता किती? ७० टक्के नाही. पाच वेळा गुणाकार केला की ती १७ टक्क्यांवर येते. सहा विहिरींमागे एक. तज्ज्ञ ‘चांगली आशा आहे’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात अनेकदा एवढाच आकडा असतो. ऐकणाऱ्याच्या मनात मात्र शंभर असतो. अफवा या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत वाढते.

बातमी कोणत्या पायरीवरची आहे?

म्हणून तेलाची बातमी वाचताना ती कुठल्या पायरीवरची आहे, ते आधी बघावं. पहिली पायरी सर्व्हे. दुसरी, चित्रावरून ‘शक्यता’. तिसरी, शोधविहीर. चौथी, विहिरीत तेल किंवा वायू ‘आढळला’. पाचवी, आणखी विहिरी खोदून साठा मोजला आणि काढणं परवडतं असं ठरलं. सहावी, उत्पादन. सप्टेंबर २०२५ मध्ये अंदमानच्या समुद्रात ऑइल इंडियाच्या विहिरीत नैसर्गिक वायू आढळल्याचं पेट्रोलियम मंत्र्यांनी जाहीर केलं. ती चौथी पायरी झाली. गावच्या शिवारातली वायर ही पहिली. पहिल्या पायरीवरून सहावीवर पोचायला दहा-वीस वर्षंही लागतात आणि बहुतेक जागा मधेच गळतात.

शेतकऱ्याने काय जपायचं?

समजा उद्या खरंच तेल निघालं, तरी त्यात सातबाऱ्यावरच्या मालकाचा वाटा नसतो. शोध आणि उत्खननाचे परवाने सरकार देतं आणि जमिनीवरच्या तेलाची रॉयल्टी राज्य सरकारकडे जाते. शेतकऱ्याला मिळतो तो पिकाच्या नुकसानीचा आणि जमीन वापरल्याचा मोबदला. ‘तेल लागणार, भाव शंभरपट होणार’ असं सांगून जमीन घेणारा किंवा विकणारा दलाल यातलं काहीच सांगत नाही.

सर्व्हेवाले आले की त्यांच्याकडून कंपनीचं आणि महसूल विभागाचं पत्र मागावं. वायर टाकण्याआधी उभ्या पिकाचे फोटो काढावेत. नुकसान झालं तर तलाठ्याकडून पंचनामा करून घ्यावा. विहीर, बोअर, घर जवळ असेल तर दारू किती अंतरावर उडवणार ते आधी विचारावं आणि तिथे हरकत असेल तर ती लेखी द्यावी. काम झाल्यावर भोकं नीट बुजवली का ते पाहावं, नाहीतर जनावराचा पाय अडकतो. मोबदल्याचा आकडा भरलेला नसेल त्या कागदावर सही करू नये.

सर्व्हेला विरोध करण्याचंही कारण नाही. खाली काय आहे हे कधीतरी कळायलाच हवं, आणि ‘काही नाही’ हे पक्कं कळणं हेही ज्ञानच आहे. त्या नोंदी पुढच्या अभ्यासाला उपयोगी पडतात.

आणि तेलाचं राहू द्या, हाच हिशेब दर उन्हाळ्यात गावाला लागू पडतो. पाणाड्या हातावर नारळ घेऊन फिरतो, मशीनवाला तारा लावून कागद काढतो. दोघेही बोट दाखवतात आणि म्हणतात, ‘इथं मारा, पाणी लागणारच.’ कर्ज काढून तीनशे-चारशे फूट बोअर जातं आणि फुफाटा उडतो. अब्जावधी रुपयांची यंत्रं असलेल्या कंपन्यासुद्धा विहीर खोदण्याआधी ‘लागणारच’ म्हणत नाहीत. त्या आधी दोन गोष्टी मांडतात : लागण्याची शक्यता किती, आणि कोरडं गेलं तर तोटा किती सोसता येईल. बोअरची गाडी बोलावण्याआधी घरात बसून हे दोन आकडे कागदावर लिहायला एक रुपयाही लागत नाही.